रेडिओचें लायसन : मुंबईच्या श्रोत्याचा एक जुना हिशेब

लालबागला आमच्या चाळींतील खोलींत भिंतीला एक लाकडी फळी ठोकलेली होती. फळीवर रेडिओ, रेडिओवर आईनें विणलेला रुमाल, आणि खालच्या खणांत एक लहानसें पुस्तक. वडील गिरणींत कारकून होते. दर वर्षीं ठरलेल्या महिन्यांत तें पुस्तक खिशांत घालून ते टपालकचेरींत जात, पंधरा रुपये भरीत, पुस्तकावर शिक्का मारून घेत, आणि घरीं येऊन तें पुन्हां खणांत ठेवतांना म्हणत, "झालें. आतां वर्षभर आपल्याला बोलण्याचा हक्क आहे." रेडिओ म्हणजे ऐकण्याची वस्तु; तिच्यासाठीं पैसे भरले म्हणजे बोलण्याचा हक्क कसा मिळतो, हें कोडें मला लहानपणीं कधीं उलगडलें नाहीं. तें उलगडावयास मुंबईच्या नभोवाणीचा सारा इतिहास वाचावा लागला. त्या इतिहासांतील पैशाची बाजू आज मी आपल्यापुढें मांडणार आहें.

सारीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, असें आपल्याकडे म्हणतात. ध्वनिक्षेपणाच्या धंद्यांत या म्हणीचा अनुभव फार लवकर आला. दुकानदाराला आपला माल कोणीं नेला हें कळतें. नाटकवाल्याला दारावर तिकीट घेतां येतें. परंतु आवाज एकदां आकाशांत सोडला, कीं तो कोणाच्या घरांत शिरला हें सोडणाऱ्यास समजत नाहीं. ज्यानें पैसे दिले त्यालाहि तो ऐकूं येतो, न देणाऱ्यालाहि तितकाच स्पष्ट ऐकूं येतो. मग खर्च कोणीं सोसावा? या एका प्रश्नाला मुंबईनें गेल्या शंभर वर्षांत पांच-सहा निरनिराळीं उत्तरें देऊन पाहिलीं.

आरंभ झाला तो मात्र फुकट ऐकण्यापासून. ऑगस्ट १९२१ मध्यें टाइम्स ऑफ इंडिया पत्रानें टपाल-तार खात्याच्या साहाय्यानें मुंबईहून संगीताचा एक खास कार्यक्रम ध्वनिक्षेपित केला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या विनंतीवरून तो झाला, आणि त्यांनीं तो पुण्यास बसून ऐकला. त्यानंतर जून १९२३ मध्यें रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे या हौशी मंडळींच्या संस्थेनें आपले कार्यक्रम सुरू केले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कलकत्त्यास व पुढच्या वर्षीं मद्रासेस तसेच क्लब उभे राहिले. हें पहिलें उत्तर : हौसेला मोल नाहीं, म्हणून हौशी लोकांनींच वर्गणी काढावी. पण हौस कितीहि मोठी असली तरी विजेचें बिल तिच्याहून मोठें होतें. मद्रासच्या क्लबाला १९२७ सालीं पैशाअभावीं आपलें काम थांबवावें लागलें. त्याचें यंत्र पुढें मद्रास नगरपालिकेनें चालविलें.

दुसरें उत्तर व्यापाराचें होतें. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी स्थापन झाली. २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें तिच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन झालें, आणि पुढच्या महिन्यांत कलकत्त्याचें केंद्र सुरू झालें. मुंबईच्या ध्वनिक्षेपकाची शक्ति दीड किलोवॅट होती, व त्याचा आवाज नीट पोंचे तो सुमारें तीस मैलांच्या टापूंत. उत्पन्नाची योजना अशी कीं, रेडिओ बाळगणाऱ्या प्रत्येकानें सरकारकडून वर्षाला दहा रुपये देऊन परवाना घ्यावा. त्यांतील ८० टक्के कंपनीस मिळावे. शिवाय परदेशाहून येणाऱ्या यंत्रांच्या किंमतीवर १० टक्के कंपनीनें घ्यावे. कागदावर ही योजना निर्दोष दिसते. विलायतेंत १९२२ सालापासून दहा शिलिंगांचा परवाना चालूं झाला होता. तोच नमुना येथें आणला होता.

आतां हिशेब पाहूं. १९२७ अखेर साऱ्या देशांत परवाने होते ३,५९४. १९२८ अखेर ते झाले ६,१५२, आणि १९२९ अखेर ७,७७५. प्रत्येक परवान्यामागें कंपनीच्या हातीं आठ रुपये आले असें धरलें, तर या तिसऱ्या वर्षींहि परवान्यांचें उत्पन्न भरतें ६२,२०० रुपये. म्हणजे महिन्यास सुमारें ५,२०० रुपये. आणि एवढ्यांत दोन केंद्रें, त्यांचे यंत्रज्ञ, गवई, वादक, निवेदक व कचेऱ्या पोसावयाच्या! कंपनी बुडाली याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. ती पावणेतीन वर्षें टिकली याचेंच नवल वाटावें.

श्रोते इतके थोडे कां होते? गिरगांवांतील वकील-डॉक्टरांना दहा रुपये जड नव्हते. परंतु त्या काळीं परळ-लालबागच्या गिरणीकामगाराची महिन्याची कमाई तीस रुपयांच्या आसपास होती. त्याच्या दृष्टीनें हा परवाना म्हणजे महिन्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा. आणि दिव्यांचें यंत्र विकत घ्यावयाचें तर कित्येक महिन्यांची मिळकत. म्हणजे ज्या वस्तीवरून आवाज रोज सायंकाळीं जात होता, त्या वस्तींतील बहुतेक घरांना तो ऐकण्याची सोयच नव्हती. दुसऱ्या बाजूस, ज्यांच्याजवळ यंत्र होतें त्यांतील कित्येकांनीं परवाना काढला नाहीं, व कित्येक विक्रेत्यांनीं कंपनीचा वांटा चुकविला. गरीबाला ऐकतां येत नव्हतें, आणि ऐकणाऱ्यांपैकीं बरेच जण पैसे देत नव्हते. या दोन भोकांतून कंपनीचें भांडवल गळून गेलें, आणि १ मार्च १९३० रोजीं ती दिवाळ्यांत निघाली.

यापुढें जें घडलें तें मला या साऱ्या इतिहासांत सर्वांत बोधप्रद वाटतें. १ एप्रिल १९३० पासून सरकारनें दोन्ही केंद्रें आपल्या हातीं घेतलीं. पण तो जागतिक मंदीचा काळ होता. काटकसरीचें वारें वाहत होतें. ऑक्टोबर १९३१ मध्यें सरकारनें ठरविलें कीं, हा खर्च परवडत नाहीं, केंद्रें बंद करावीं. त्यासरशीं श्रोते जागे झाले. रेडिओचे व्यापारीहि हवालदिल झाले, कारण न विकलेलीं यंत्रें त्यांच्या दुकानांत पडून होतीं. तक्रारींचा असा भडिमार झाला कीं, नोव्हेंबर संपण्यापूर्वींच सरकारला आपला हुकूम मागें घ्यावा लागला, आणि मे १९३२ मध्यें केंद्रें कायम चालविण्याचें ठरलें. त्यासाठीं पैसा उभा करण्याचा मार्गहि सांपडला : बाहेरून येणाऱ्या यंत्रांवरील जकात २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेण्यांत आली.

येथें क्षणभर थांबूं. देशांत परवानेधारक होते आठ हजारांच्या आंत-बाहेर. म्हणजे गिरगांवच्या एखाद्या वाडीच्या परिसरांत मावतील एवढींच माणसें. तरी त्यांच्या शब्दानें सरकारचा निर्णय फिरला. त्यांचा आवाज मोठा होता असें नाहीं. पण त्यांच्या हातीं पावती होती. पैसे भरले आहेत, माल द्या, असें ते म्हणूं शकत होते. वडील ज्याला बोलण्याचा हक्क म्हणत, तो प्रथम बजावला गेला तो या पांच-सहा आठवड्यांत.

हक्काबरोबर सक्तीहि आली. १९३३ सालीं बिनतारी यंत्रांविषयींचा कायदा झाला व १ जानेवारी १९३४ पासून तो अंमलांत आला. परवान्यावांचून रेडिओ बाळगणें हा आतां शिक्षेस पात्र गुन्हा ठरला. तत्पूर्वींच, डिसेंबर १९३२ मध्यें, बी. बी. सी. नें साम्राज्यांतील श्रोत्यांसाठीं लघुलहरींवर कार्यक्रम सुरू केले होते, त्यामुळेंहि यंत्रांचा खप वाढला. १९३४ अखेर परवाने १६,१७९ झाले. ८ जून १९३६ रोजीं सरकारी सेवेस ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. देश स्वतंत्र झाला त्या वर्षीं परवान्यांची संख्या पावणेतीन लाख होती.

परंतु विलायतेच्या नमुन्यांतील एक गोष्ट येथें आणली गेली नाहीं. तेथें १ जानेवारी १९२७ पासून बी. बी. सी. हें स्वतंत्र महामंडळ झालें होतें. परवान्याचा पैसा सरकार गोळा करी, पण कार्यक्रम काय करावा हें महामंडळ ठरवी. येथें परवाना तोच राहिला. पण पैसा सरकारच्या तिजोरींत गेला आणि कार्यक्रम सरकारच्या खात्यानें ठरविला. श्रोत्याचे दहा रुपये जकातीसारखे, टपालाच्या तिकिटासारखे, सरकारच्या जमाखर्चांत विरघळून जात. पावती होती, ती दाखविण्याची खिडकी मात्र हळूहळू बंद होत गेली.

ती किती बंद झाली होती, हें १९४२ सालीं कळलें. ऑगस्ट महिन्यांत पुढारी तुरुंगांत गेले, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लागलें, आणि सरकारी रेडिओवर सरकारला सोयीच्या तेवढ्याच बातम्या येऊं लागल्या. तेव्हां उषा मेहता या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीनें व तिच्या सोबत्यांनीं गुप्तपणें जमविलेल्या पैशावर काँग्रेस रेडिओ उभा केला. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर त्याचा आवाज ऐकूं येऊं लागला. आरंभ चौपाटीजवळच्या एका इमारतींतून झाला. नंतर पोलिसांना चुकवीत जागा बदलत गेल्या, आणि १२ नोव्हेंबरच्या रात्रीं गिरगांवांतील पारेखवाडींत कार्यक्रम चालूं असतांनाच पोलिसांनीं दार फोडलें. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची वार्ता ज्यांनीं लोकांपर्यंत पोंचविली, त्यांत हें केंद्र होतें. त्याला परवाना नव्हता, जाहिरात नव्हती, जकातीचा वांटा नव्हता. तें चाललें केवळ अडीच महिने. पण ज्यांना ऐकावयाचें आहे त्यांनींच खर्च सोसावा, हें क्लबांचें जुनें उत्तर गिरगांवच्या त्या खोलींत निराळ्याच तेजानें पुन्हां प्रकट झालें. या वेळीं वर्गणी रुपयांतच नव्हे, तर तुरुंगवासांतहि द्यावी लागली.

स्वातंत्र्यानंतर लायसनाचें पुस्तक घरोघर पोंचलें. आमच्या चाळींत रेडिओ चार-पांच घरांतच होते, पण ऐकत सारी चाळ. दुपारीं 'कामगार सभा' लागली कीं रात्रपाळी करून आलेलीं माणसें अंथरुणावर पडल्या पडल्या कान देत. 'वनिता मंडळ' ऐकावयास शेजारणी निवडण्याचें तांदूळ घेऊन आमच्या उंबऱ्याशीं बसत. 'पुन्हा प्रपंच' मधील टेकाडे भावजी आमच्या घरांतीलच कोणी असावे अशी माझी बरेच दिवस समजूत होती. लायसन एका घराचें आणि श्रोते पंचवीस घरांचे, हा हिशेब टपालखात्यानें कधीं मांडला नसेल. एका शेजाऱ्यांनीं लायसन काढलें नव्हतें. तपासनीस आल्याची कुणकुण लागली कीं त्यांच्या रेडिओवर गोधडी पडे, व सारी चाळ त्यांच्यासाठीं गप्प बसे. वडील त्यांना हंसून म्हणत, "अहो, तुमचें पंधरा रुपयांचें तोंड तुम्हीच बांधून ठेवलें आहे." वडील स्वतः मात्र केंद्रास पोस्टकार्डें लिहीत. अमक्याचें भजन फार दिवसांत ऐकलें नाहीं, गिरणीच्या पाळ्या बदलतात ती वेळ ध्यानीं घ्यावी, असा मजकूर असे. कार्डाच्या आरंभीं लायसनाचा नंबर ते न चुकतां घालीत.

याच काळांत तिसरें उत्तर समुद्रापलीकडून आलें. १९५२ सालीं डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि चित्रपटसंगीताला आकाशवाणीवरून ओहोटी लागली. मुंबईंत तयार होणारीं गाणीं मुंबईच्या केंद्रावर दुर्मिळ झालीं, आणि तींच गाणीं सिलोनहून ऐकूं येऊं लागलीं! रेडिओ सिलोनचा खर्च जाहिरातदार सोशीत. त्या वर्षाच्या अखेरीस सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' दांत घासण्याच्या एका पेस्टच्या पैशावर चाले. अमीन सयानी ती मुंबईंतच ध्वनिमुद्रित करीत, फिती विमानानें कोलंबोस जात, आणि तेथून तो आवाज पुन्हां दादर-परळच्या घरांत येई. ही पद्धत अमेरिकेची. तेथें ऑगस्ट १९२२ मध्येंच न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. ई. ए. एफ. केंद्रानें एका घरबांधणी कंपनीला पैसे घेऊन आपली वेळ विकली होती. श्रोत्याला यांत कांहींच द्यावें लागत नाहीं. मात्र मग श्रोता गिऱ्हाईक राहत नाहीं; गिऱ्हाईक जाहिरातदार, आणि श्रोत्याचा कान हा विकण्याचा माल.

सरकारनेंहि हा धडा गिरविला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं 'विविध भारती' सुरू झाली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणें-नागपूर येथें तिच्यावर जाहिराती येऊं लागल्या. पुढें घरोघर ट्रान्झिस्टर आले. शर्टाच्या खिशांत मावणाऱ्या पेटीमागें तपासनीस धाडणें हास्यास्पद होऊं लागलें, आणि १९८०-९० या दशकाच्या मध्यास घरगुती परवान्याची पद्धत रद्द झाली. आमच्या खणांतील पुस्तक त्या दिवसापासून रद्दी झालें. वडिलांनीं मात्र तें टाकूं दिलें नाहीं.

तो निर्णय चुकला काय? मी तसें म्हणणार नाहीं. ज्या परवान्यानें १९२७ सालीं लालबागला दाराबाहेर ठेवलें, तो गेला याचें दुःख लालबागच्या माणसानें करूं नये. आवाज सर्वांना फुकट मिळावा हेंच न्यायाचें आहे. परंतु परवान्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि तिची कोणीं नोंद केली नाहीं. श्रोत्याला आपण देणेकरी आहों याचा विसर पडला, आणि म्हणून आपण धनी आहों याचाहि विसर पडला. प्रसार भारतीचा कायदा १९९० सालीं झाला व १९९७ सालीं अंमलांत आला. स्वायत्त महामंडळ नांवानें आलें, पण त्याचा खर्च मुख्यतः सरकारच्या अनुदानांतून व जाहिरातींतून चालतो. २००२ पासून मुंबईंत खाजगी एफ. एम. केंद्रें आलीं, तीं जाहिरातींवर जगतात, आणि स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा त्यांना नाहीं. अनुदान जनतेच्याच करांतून येतें हें खरें. पण कर भरतांना कोणी रेडिओची आठवण काढीत नाहीं. आठ हजार पावत्यांनीं जें १९३१ सालीं केलें, तें करण्यास आज कोट्यवधि श्रोत्यांजवळ साधन उरलेलें नाहीं.

दुसरी वाट नाहींच असें मात्र नव्हे. एप्रिल १९४९ मध्यें अमेरिकेंत बर्कले येथें के. पी. एफ. ए. नांवाचें केंद्र निघालें. त्यानें जाहिराती घेतल्या नाहींत, परवान्याची सक्ति तर त्याच्या हातीं नव्हतीच. श्रोत्यांनीं आपखुषीनें वर्गणी द्यावी, एवढीच त्याची मागणी. जो देणार नाहीं त्यालाहि ऐकूं येईल, हें ठाऊक असूनहि देणारे निघाले, आणि तें केंद्र आजहि चालूं आहे. चाळींत राहिलेल्या माणसाला यांत नवें कांहीं वाटूं नये. आमच्या चाळीचा गणपति याच रीतीनें बसतो. वर्गणी सारेच देत नाहींत, आरतीला मात्र सारे येतात, आणि न देणाऱ्यालाहि प्रसाद मिळतो. पण ज्यानें पावती फाडली असते, तो मंडपांतील हिशेब मोठ्यानें विचारतो. आणि त्याच्या विचारण्यामुळेंच मंडप नीट चालतो.

नभोवाणीच्या मंडपांत आज हिशेब विचारणारा उरला नाहीं, हें माझें सांगणें आहे. जुना परवाना परत आणावा असें मी म्हणत नाहीं. पण पैसे भरण्याचा हक्क गेला तरी कार्ड लिहिण्याचा हक्क कोणीं काढून घेतलेला नाहीं. एखादें व्याख्यान, एखादी नाटिका मनास भावली, तर केंद्रास तसें कळवावें. एखादा चांगला कार्यक्रम बंद होणार असें कानीं आलें, तर तो बंद पडण्यापूर्वीं विचारावें. पडल्यानंतर हळहळूं नये. १९३१ सालच्या श्रोत्यांनीं याहून अधिक कांहीं केलें नव्हतें.

वडील गेले त्यानंतर खण आवरतांना तें पुस्तक माझ्या हातीं आलें. शेवटच्या शिक्क्यापुढचीं पानें कोरीं होतीं. पुस्तकांत एक पोस्टकार्ड होतें. पत्ता घातलेला, वर लायसनाचा नंबर, आणि मजकुराची जागा रिकामी. तो नंबर आतां कोणाच्याहि दप्तरीं नसेल. तरी मीं तो तसाच ठेवून खालीं मजकूर लिहिला, वर आजच्या दराचीं तिकिटें लावलीं, आणि कार्ड पेटींत टाकलें.